हलक्या विमानाचा अवतरण अपघात व त्याचे अन्वेषण (मराठवाडा)

हलके विमान धावपट्टीकडे झेपावत खाली येऊ लागल्यापासून जमिनीवरचा त्याचा वेग संपेपर्यंतच्या टप्प्यात होणारा अपघात. कमाल उड्डाणभार ५,७०० किग्रॅ.पर्यंत असलेले विमान सामान्यतः हलके मानतात. व्यवहारात मात्र हा शब्द एका एंजिनाच्या प्रशिक्षण विमानांनाच अधिक लागू होतो. सेस्ना १५२ हे दोन आसनी विमान माणसे व इंधन धरूनही कमाल ७५७ किग्रॅ. भरते, म्हणजे आजच्या बहुतेक छोट्या मोटारगाड्यांहूनही कमी.

अपघात कशाला म्हणावे यावर वरवर वाटते तेवढी एकवाक्यता नाही. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या (१९४४) तेराव्या परिशिष्टानुसार प्राणहानी, गंभीर दुखापत, विमान बेपत्ता होणे किंवा विमानाच्या मूळ सांगाड्याला मोठी इजा होणे, यांपैकी काहीही घडले तर तो अपघात. एकाच एंजिनापुरते नुकसान, एंजिनाने फिरणारा पंखा (प्रोपेलर), दोन्ही बाजूंच्या पंखांची टोके, टायर, ब्रेक, चाके यांची मोडतोड एवढ्यावर निभावले तर त्याची गणना अपघातात होत नाही. घोळ होतो तो नाकाच्या चाकाच्या दांड्याबाबत. जोरदार आपटीत हा दांडा मागे दुमडतो, पंख्याची पाती डांबरावर आपटतात आणि एंजिनामागची अग्निरोधक भिंत सुरकुतते. दांडा व पंखा एवढेच पाहणारा याला ‘घटना’ (अपघाताहून कमी गंभीर प्रकार) म्हणेल; भिंतीची सुरकुती पाहणारा अपघात म्हणेल. ती भिंत सांगाड्याचाच भाग असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठीत ‘चौकशी’ हा शब्द पोलिसी व न्यायालयीन कामासाठी रुळला आहे, म्हणून तांत्रिक शोधासाठी येथे ‘अन्वेषण’ हा शब्द वापरला आहे.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (चिकलठाणा), नांदेड, लातूर व धाराशिव येथे धावपट्ट्या आहेत. नांदेड व लातूरच्या धावपट्ट्या सुमारे २,३०० मी. लांब आहेत. थंड, शांत हवेत हलक्या विमानाला याच्या पाव लांबीही लागत नाही. त्यामुळे येथे पट्टी संपून पुढे जाण्यापेक्षा ती बाजूने सुटण्याचा व आपटीचा धोका अधिक विचारात घ्यावा लागतो. आडव्या वाऱ्याबाबत सेस्ना १५२ ची सिद्ध केलेली क्षमता १२ नॉट (ताशी सुमारे २२ किमी.) आहे. एप्रिल-मेमधील दुपारची वावटळ ती सहज ओलांडते, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी धावपट्टीच्या एका टोकाला लोंबत असताना दुसऱ्या टोकाला धूळ गोल फिरत असते.

उन्हाळ्यातील विरळ हवेचा परिणाम सविस्तर पाहणे आवश्यक आहे. सुमारे २,००० फूट उंचीवर प्रमाण तापमान ११° से. धरतात; लातूर-संभाजीनगरची उंची साधारण याच पट्ट्यातली. मे महिन्यात पारा ४०° से.वर गेला, की प्रमाणापेक्षा २९ अंशांचा फरक पडतो. दर अंशाला सुमारे १२० फूट या ठोकताळ्याने हवा जणू आणखी ३,५०० फूट वरची, म्हणजे ५,५०० फुटांवरची होते. वेगदर्शकावरचा आकडा रोजचाच दिसतो, पण खरा वेग जवळपास दहा टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि जमिनीवर धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास वाढते. जमीन नेहमीपेक्षा जोरात मागे पळताना पाहून शिकाऊ वैमानिक वेग कमी करण्यासाठी नाक उचलतो. तेवढ्यात पंखांवरची उचल तुटते आणि विमान धप्पकन बसते. अरुंद पट्टीने होणारा दृष्टिभ्रम वेगळा : आपण जास्त उंचावर आहोत असे वाटून विमान गरजेपेक्षा खाली आणले जाते.

उसळी, उसळीवर उसळी, नाकाच्या चाकावर आधी टेकणे, जमिनीवर गर्रकन फिरणे हे इतर प्रकार सर्वत्र सारखेच आहेत.

भारतात अन्वेषणाचा कायदेशीर पाया १९३४ चा विमान अधिनियम व १९३७ चे विमान नियम यांनी घातला. त्या व्यवस्थेत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अपघात निरीक्षक तपास करी. मोठ्या अपघातासाठी केंद्र सरकार न्यायिक चौकशी नेमी. २०१२ च्या नियमांनी विमान अपघात अन्वेषण विभाग अस्तित्वात आला, २०१७ मध्ये ते नियम नव्याने काढण्यात आले. १९३४ च्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत व अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत द्यावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. निलंग्याजवळ २५ मे २०१७ रोजी मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच कोसळले व आतील सर्व जण बचावले, त्याचे अन्वेषण याच विभागाकडे गेले.

हलक्या विमानात बहुधा ‘ब्लॅक बॉक्स’ नसतो. मग जमीनच वाचावी लागते. पंख्याची पाती डांबरावर ठराविक अंतराने आडवे ओरखडे पाडतात. मिनिटाला २,४०० फेऱ्या करणारा दोन पात्यांचा पंखा सेकंदाला ८० ओरखडे काढतो. दोन ओरखड्यांत ४० सेंमी. अंतर भरले, तर विमान सेकंदाला ३२ मी., म्हणजे ६२ नॉटच्या वेगात होते. पात्यांची टोके पुढे वळली असतील तर एंजिन जोर देत होते असे साधारणपणे मानतात. एक पाते मागे वाकलेले व दुसरे सरळ असेल तर पंखा थांबलेला असावा. टाकीतून निळसर इंधन निघाले पाहिजे, कारण विमानाचे कमी शिशाचे शंभर ऑक्टेन पेट्रोल निळ्या रंगाचे असते. नमुन्यात पाण्याचा थेंब असल्यास तो तळाशी जाऊन वेगळा दिसतो. कार्ब्युरेटरमधील (इंधन व हवा मिसळणाऱ्या भागातील) बर्फाचा पुरावा मात्र निरीक्षक पोहोचेपर्यंत वितळलेला असतो. पावसाळ्यातील दमट, पंचवीस अंशांच्या हवेत एंजिनाची शक्ती कमी करून उतरताना हा बर्फ धरू शकतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला पटवणे कठीण जाते.

पट्टीबाहेरची काळी जमीन निरीक्षकाला मदतही करते आणि त्रासही देते. जुलैत चाकाची चाकोरी तीत ठशासारखी उमटते व विमान कोणत्या कोनातून सुटले ते फीत लावून मोजता येते. मे महिन्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चाक भेगेत अडकून विमान नाकावर उलटले, तर मोडतोड आपटीने झाली की भेगेने, हे ठरवताना दोन निरीक्षकांचे एकमत होईलच असे नाही. त्यातच आसपासच्या शेतातून धावून आलेली माणसे जखमीला काढल्यावर, चांगल्या हेतूनेच, विमान ढकलून कडेला लावतात. सुटका, आग विझवणे व तत्सम निकडीखेरीज अवशेष हलवू नयेत असा नियम आहे. पोलिसांचा पंचनामा स्वतंत्र होतो. त्यात ‘पंखा वाकलेला’ एवढीच नोंद असली, तर तो कोणत्या बाजूला वाकला होता हे नंतर छायाचित्रांवरूनच शोधावे लागते.

अन्वेषणाचा हेतू दोष ठरवणे नसून पुनरावृत्ती टाळणे हा आहे, असे तेरावे परिशिष्ट स्पष्ट सांगते. तरीही ‘वैमानिकाची चूक’ या कारणाशी थांबणारा एक संप्रदाय आहे. दुसरा, प्रशिक्षण, हवामान व धावपट्टीचा परिसर यांतील त्रुटींची साखळी शोधतो. चिकलठाण्यावरचा २६ एप्रिल १९९३ चा अपघात हलक्या विमानाचा नव्हे, अवतरणाचाही नव्हे, तरी या वादात तो टाळता येत नाही. इंडियन एअरलाइन्सचे बोईंग ७३७ उडताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या मालमोटारीला धडकले, पुढे उच्चदाबाच्या वीजतारांत अडकून पडले. ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलणे ही वैमानिकाची चूक, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखणे ही विमानतळ व्यवस्थेची, अशी दोन्ही कारणे निष्कर्षात शेजारी शेजारी आली. धडक झाली ती जागा धावपट्टीच्या टोकापासून ४१० फुटांवर होती.