नानकटाईतले मोहन

डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत सांगलीत पहाटे चांगलाच गारवा असतो आणि तुपाचा डबा उघडला की आत घट्ट थिजलेले, रवाळ तूप दिसते. आमच्या घरी नानकटाईचा हंगाम या तुपावरून ठरतो. मुलांना नाताळची सुट्टी असते, मिरजेच्या मैत्रिणीकडून नाताळच्या फराळाचा डबा आलेला असतो आणि तो रिकामा परत पाठवायचा नसतो, साताऱ्याला बहिणीकडेही एक डबा जायचा असतो. आमच्या लहानपणी मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे, तिथल्या पत्र्यांवर आपली नानकटाई भाजून घ्यायची आणि गरम डबा टॉवेलात गुंडाळून घरी आणायचा, अशी रीत होती. आता भाजणे घरीच होते, त्यामुळे ती बिघडली तर का बिघडली याचा शोधही घरीच घ्यावा लागतो. हा शोध मोहनापासून, म्हणजे पिठाला चोळलेल्या तुपापासून, सुरू करावा लागतो.

शंकरपाळ्यांच्या पिठात तूप चोळल्यावर आपण पीठ मुठीत दाबून मुटका वळतो का ते पाहतो. मुटका वळला म्हणजे पिठाच्या बहुतेक कणांवर तुपाचा थर बसला. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि मळले गेले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार करतात. पोळी फाटू नये म्हणून आपल्याला हे जाळे हवे असते, परंतु नानकटाईत तेच जाळे दाताखाली वातड लागते. तूप कणाला वेढून बसले की पाणी प्रथिनांपर्यंत पोहोचत नाही आणि जाळे मुळात विणलेच जात नाही. शंकरपाळ्यात मोहन अर्धे काम करते, कारण त्या पिठात पुढे दूध किंवा पाणी पडते. नानकटाईत मात्र पीठ भिजवायलाही तूपच असते, म्हणजे ती संपूर्णपणे मोहनावर उभी असते.

तुपाऐवजी बटर घातले की फरक पडतो तो याच कारणाने. चांगल्या कढवलेल्या तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, तर बाजारातील बटरमध्ये सुमारे १६ टक्के. दीडशे ग्रॅम बटर घातले तर पिठात २४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाच चहाचे चमचे पाणी आपण नकळत ओततो. त्याची बिस्किटे वाईट होत नाहीत, पण ती कुरकुरीत होतात. जिभेवर विरघळणारा खुसखुशीतपणा त्यांना येत नाही. पाण्याच्या अभावाचा आणखी एक परिणाम असा की पिठातील स्टार्चचे कण भाजताना फुगून चिकट होऊ शकत नाहीत, बहुतेक सारे कोरडेच राहतात. नानकटाईचा घास तोंडात वाळूसारखा मोकळा होतो तो त्यामुळे. बेसनात ग्लुटेन नसतेच, म्हणून चार वाट्या मैद्याला एक वाटी बेसन घालण्याचा जुना प्रघात शास्त्राला धरूनच आहे.

आता थिजलेल्या तुपाकडे येते. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने गोल गोल फेटायला घेतले की पिवळे तूप दहा-बारा मिनिटांत पांढरट आणि हलके होते. साखरेच्या कणांच्या कडा तुपात हवा ओढून नेतात आणि तुपाचे घट्ट स्फटिक त्या हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवतात. तूप वितळवून घातले तर बुडबुडे धरायला काही उरत नाही, आणि मग नानकटाई पत्र्यावर पसरट व तेलकट होते. खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करते, असा समज आहे. प्रत्यक्षात तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आधीच अडकलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठे करतो. फेटण्यात कसूर केली तर सोडा वाढवून ती भरून निघत नाही. फेटताना हाताच्या उबेने तूप पातळ होऊ लागले तर परात काही मिनिटे गार पाण्याच्या ताटात ठेवावी. हिवाळ्यात याची गरज क्वचितच पडते.

सोड्याबद्दल एक अनुभव सांगावासा वाटतो. रंगासाठी मी एकदा चिमूटभर हळद घातली आणि भाजून निघालेल्या नानकटाईवर तांबडे ठिपके उठले. हळदीतील कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाच्या सान्निध्यात लाल होते. हळदीच्या डागावर साबण लावताना आपण ते पाहतोच. तापल्यावर सोड्यातून वायू आणि वाफ निघून जाते व सोडियम कार्बोनेट मागे उरते, जे सोड्याहून अधिक अल्कधर्मी आणि चवीला साबणासारखे असते. माझ्या पिठात सोड्याच्या गुठळ्या राहिल्या होत्या, त्या हळदीने दाखवून दिल्या. तेव्हापासून सोडा मैद्यात घालून मी पीठ तीनदा चाळते आणि चमचाभर आंबट दही घालते, म्हणजे त्यातील आम्लामुळे सोड्याचा अल्कधर्मीपणा कमी होतो. एवढ्याशा दह्यातील पाण्याने खुसखुशीतपणा बिघडत नाही.

आपल्या कृष्णाकाठी पिकणारा खपली गहू या कामाला उत्तम. पुरणपोळी आणि खिरीसाठी आपण तो राखून ठेवतो. खपलीत प्रथिने कमी नसतात, पण तिचे ग्लुटेन दुबळे असते, साध्या गव्हासारखे ताणले जात नाही. पावासाठी हा दोष ठरतो, नानकटाईसाठी गुण. बारीक दळून, चाळून घेतलेल्या खपलीची नानकटाई मैद्याच्या नानकटाईइतकी पांढरी होत नाही, पण चवीला मला तीच सरस वाटते.

भाजण्यासाठी ओव्हन १६० ते १७० अंश सेल्सिअसला आधी तापवून घ्यावा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर तिवई आणि वर घट्ट झाकण, एवढेही पुरते. मीठ उष्णता साठवून ती सावकाश व सारखी देते. वरचा पापुद्रा आधी सुकून घट्ट होतो, आतला भाग अजून फुगत असतो, आणि त्या ओढाताणीत नानकटाईच्या माथ्यावर तडे जातात. तडे गेले नाहीत तर फेटणे तरी कमी पडले किंवा आच तरी मंद होती, असे समजावे. पृष्ठभागावर ओल आहे तोवर त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. ती उडाली की प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि साखर यांच्यात ती प्रक्रिया वेग घेते, जिचे वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. भाजल्याचा तो खमंग वास आणि बदामी रंग मुख्यतः तिचाच.

या प्रक्रियेला ग्लुकोज आणि फ्रुक्टोज चालतात, साधी साखर तशीच्या तशी चालत नाही. गुळात ही दोन्ही थोडी असतातच, म्हणून गुळाची नानकटाई साखरेच्या नानकटाईआधी लाल होते आणि तिला आच दहा अंश कमी ठेवावी लागते. शिवाय फ्रुक्टोज हवेतील ओल ओढून घेते, म्हणून गुळाची नानकटाई लवकर सादळते.

भट्टीतून काढलेली नानकटाई बोटाला मऊ लागते, कारण तूप आणि साखर दोन्ही मऊ झालेली असतात. ती कच्ची आहे असे समजून पुन्हा भाजू नये. खालची बाजू बदामी झाली असेल तर ती झालीच. जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावी, कारण कोमट असताना डबा लावला तर वाफ झाकणाला लागून पुन्हा तिच्यावरच उतरते. गेल्या वर्षी शोभेसाठी मी प्रत्येकीवर तासगावचा बेदाणा दाबून बसवला होता. बेदाण्यात सुमारे १५ टक्के पाणी असते आणि भाजलेल्या नानकटाईत दोन-तीन टक्के, तेव्हा बंद डब्यातही पाणी बेदाण्यातून भोवतालच्या भागात झिरपत राहिले. चौथ्या दिवशी बेदाणा कडक झाला होता आणि त्याभोवती रुपयाएवढे मऊ वर्तुळ पडले होते, कडा मात्र खुसखुशीत होत्या. यंदा बेदाण्याच्या जागी चारोळी आहे. साताऱ्याच्या डब्यात साखरेची नानकटाई जाईल, गुळाची मिरजेला, कारण तिथे ती त्याच संध्याकाळी संपते.