बर्फावरची शिडाची गाडी वाऱ्याला मागे टाकते का?

‘शिडाची गाडी वाऱ्याहून वेगात जाऊच शकत नाही’ हे वारा थेट पाठीशी असेल तेव्हाच खरं. गाडी वाऱ्याच्या वेगाजवळ आली की शीड ढिलं पडतं. म्हणून मुरलेला चालक वारा आडवा घेतो. गाडी ज्यांवर सरकते त्या पोलादी पात्यांना बर्फावर घर्षण नगण्य. वेग वाढतो तसा शिडाला वारा अधिक समोरून आणि अधिक जोरात लागतो. मग शीड घट्ट आवळायचं, सैल सोडायचं नाही.

१९३७ मध्ये डेट्रॉइटला जन्मलेल्या ‘डीएन’ या प्रकारच्या बर्फगाडीचं शीड जेमतेम ६० चौरस फूट, तरी ती वाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट धावते. घोटाळा होतो पात्यांत. धार बोथट असली की गाडी आडवी घसरते. बाजूची दोन पाती समांतर नसली तर ती एकमेकांविरुद्ध ओढतात आणि वेग तिथेच मरतो.