मुक्त कलाव्यावसायिकांचे कौशल्य-प्रशिक्षण : पार्श्वभूमी

मुक्त कलाव्यावसायिकांना, म्हणजे नोकरीऐवजी सुटी कामे घेणाऱ्यांना, ठरावीक साधनाचे वा भूमिकेचे प्रशिक्षण द्यावे की साधन बदलले तरी पुरणारी कौशल्ये शिकवावीत, असा वाद आहे. मुंबईच्या सरकारी कलाशाळेत १९३५ साली जाहिरातकलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. तेथे रेखांकन, अक्षरलेखन आणि मांडणी यांचे शिक्षण कसून दिले जाई. मात्र कामाचा दर ठरवणे, आगाऊ रक्कम मागणे, दुरुस्त्यांची मर्यादा आधीच सांगणे या गोष्टी विद्यार्थी पुढे एखाद्या ज्येष्ठ चित्रकाराच्या हाताखाली, कामाच्या ओघात शिकत. दिवाळी अंकांची सजावट आणि पुस्तकांची मुखपृष्ठे यांवर उभा राहिलेला मराठी चित्रकारांचा मुक्त व्यवसाय बराच काळ असाच चालला.

हा क्रम डीटीपीने, म्हणजे संगणकावर छपाईची पाने तयार करण्याच्या तंत्राने, मोडला. पानांच्या मांडणीचे पेजमेकर १९८५ मध्ये, रेखाटनाचे कोरल ड्रॉ १९८९ मध्ये आणि छायाचित्रांवर काम करण्याचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले, आणि नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत या सॉफ्टवेअरच्या नावांचे क्लास निघाले. ब्रोमाइड (मजकुराचे छायाचित्र-कागद) कापून पानावर चिकटवण्याचे, म्हणजे पेस्ट-अपचे, काम करणाऱ्या अनेकांना या क्लासनी पुन्हा उभे केले, हे मान्यच करायला हवे. परंतु तेथे मेनू आणि आज्ञा पाठ करून घेतल्या जात. मराठीत तर प्रत्येक कंपनीच्या फाँटचे संकेतन (संगणकात कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक) वेगळे असल्याने एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याची अक्षरे विस्कटत. २००१ नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती आली नाही, पुढे युनिकोड हे सर्वांना समान संकेतन रुळले, आणि ज्यांच्याजवळ केवळ पाठ केलेल्या आज्ञा होत्या त्यांना सारे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. ज्यांना अक्षराचे वळण, ओळींमधले अंतर आणि छपाईची प्रक्रिया कळत होती, त्यांना नवे साधन तुलनेने लवकर हाती आले.

हा अनुभव ताजा असतानाच २०१३ साली देशपातळीवर कौशल्य-पात्रतेची चौकट अधिसूचित झाली आणि प्रशिक्षणाचे एकक म्हणून ‘जॉब रोल’, म्हणजे एका ठरावीक कामाची भूमिका, स्वीकारले गेले. आजच्या वादाचे मूळ या निर्णयात आहे. समर्थकांचे म्हणणे असे की, काम नेमके वर्णिले तरच परीक्षा घेता येते आणि दूरच्या गावातल्या उमेदवारालाही सर्वत्र मान्य होणारे प्रमाणपत्र मिळते. हा मुद्दा वजनदार आहे. तरीही जॉब रोलच्या कल्पनेत नोकरी देणारा कोणीतरी गृहीत धरलेला असतो. ॲनिमेशन, संकलन, बोधचित्रे या क्षेत्रांत कित्येक जण सुटी कामे घेऊन जगतात; एकच व्यक्ती सकाळी संकलक, दुपारी स्वतःची हिशेबनीस आणि संध्याकाळी थकबाकीचा पाठपुरावा करणारी असते. या सगळ्याला पुरी पडणारी कौशल्ये एका भूमिकेच्या वर्णनात मावत नाहीत. पुढे रोजगारक्षमतेचा भाग अभ्यासक्रमांना जोडला गेला. त्यात उद्योजकतेची तोंडओळख आहे; पण बायोडेटा आणि मुलाखतीची तयारी ही नोकरी शोधणाऱ्याची गरज तेथेही आहेच.

कायद्याच्या बाबतीत ही उणीव अधिक महागात पडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा रंगचित्राचा पहिला हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. नोकरीत नसलेल्या लेखकाच्या कथेचा हक्क मात्र लेखकाकडेच राहतो. हक्क लेखी दिले, पण मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांची धरली जाते. साधन कोणतेही असो, ही माहिती छायाचित्रकाराला आणि चित्रकाराला आयुष्यभर लागते, म्हणून तिला अभ्यासक्रमाच्या गाभ्यात जागा हवी.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगारा’ची व्याख्या आली आणि नोकरीच्या पारंपरिक नात्याबाहेरच्या अशा कामाला केंद्रीय कायद्यात हे नाव मिळाले. २०२२ पासून मजकुरावरून चित्र तयार करणारी साधने सर्वांच्या हाती आली. त्यांच्या नावांचेही छोटे अभ्यासक्रम आता निघाले आहेत, आणि नव्वदच्या दशकातल्या क्लासप्रमाणेच त्यांतल्या अनेकांचा भर साधनाच्या आज्ञांवरच आहे.