जस्ताचा पत्रा आणि कथलाचा डबा: ओरखडा पडला की कळतं

छपराचा पत्रा आणि तेलाचा १५ किलोचा डबा, दोन्हीला आपण सरसकट पत्राच म्हणतो. दोन्ही मुळात लोखंडच (पोलाद म्हणा), दोन्हीवर चकचकीत धातूचा पातळ थर, आणि थर कशासाठी तर गंज लागू नये म्हणून. फक्त छपरावर जस्त असतं आणि डब्यावर कथील. थर शाबूत आहे तोवर काही फरक जाणवत नाही, पण एकदा ओरखडा पडला की दोघं एकदम उलटे वागतात.

छपराचा पत्रा कापला की कडेला लोखंड उघडं पडतं, तरी पहिल्याच पावसात ती कड तांबडी होत नाही, आजूबाजूला पांढरट भुकटी मात्र धरते. ती भुकटी म्हणजे झिजलेलं जस्त. शाळेत धातूंची क्रियाशीलता श्रेणी पाठ केलेली असते बघा, त्यात जस्त लोखंडाच्या वर आहे आणि कथील लोखंडाच्या खाली, आकड्यांत सांगायचं तर जस्त -०.७६ व्होल्ट, लोखंड -०.४४, कथील -०.१४. जितका आकडा जास्त उणे तितकी इलेक्ट्रॉन सोडायची घाई. पत्र्यावर पावसाचं पाणी साचलं, त्यात थोडा क्षार मिसळला (कोकणात तर खारी हवाच आहे) की तिथे छोटासा सेल (बॅटरीच्या सेलसारखाच) तयार होतो, जस्त स्वतः विरघळतं आणि इलेक्ट्रॉन लोखंडाकडे ढकलतं, त्यामुळे लोखंडाचं ऑक्सिडेशन होतच नाही. ही राखण ओरखड्याच्या आसपास काही मिलिमीटरच चालते हं, हातभर थर उडाला तर जस्त तरी काय करणार.

आता डबा. कथलाला टाचणीएवढं भोक पडलं तरी पुरे, तोच सेल होतो पण उलट्या बाजूने, इथे इलेक्ट्रॉन सोडणारं लोखंड असतं. आणि भोक एवढंसं, भोवती कथील भरपूर, म्हणजे सगळी झीज त्या एका ठिपक्यावर. नुसतं उघडं लोखंड सगळीकडे सावकाश गंजलं असतं, इथे आरपार भोक पडतं. म्हणून डब्याला पोचा येऊन कथील तडकलं की तिथून गंज झपाट्याने वाढतो.

थर चढवण्यातही गंमत आहे. गॅल्व्हनाइज (म्हणजे लोखंडावर जस्त चढवणं) म्हटलं की वीज असणार असं वाटतं, पण छपराचा पत्रा ॲसिडमध्ये साफ करून साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात सरळ बुडवतात, त्याच्यावर फुलांसारखी नक्षी दिसते ती जस्त थिजताना पडलेले स्फटिक. विजेवर जस्त चढवायचीही पद्धत आहे, पण छपराला शक्यतो बुडवलेलंच. खरं विद्युत अपघटन (द्रावणातून वीज सोडून थर चढवणं) डब्याच्या पत्र्याला लागतं, पत्रा ऋणाग्र (उणे टोक) आणि कथील धनाग्र (अधिक टोक), कारण थर एकदम पातळ आणि सारखा हवा असतो, बुडवून तेवढा पातळ जमत नाही.

मग डब्यालाही जस्तच का नाही लावत? आंबटामुळे. जस्त ॲसिडमध्ये पटकन विरघळतं, हायड्रोजन सुटतो आणि जस्ताचे क्षार पोटात जातात, उलट्या होतात. गॅल्व्हनाइजच्या बादलीत ताक किंवा सरबत करू नये ते याचसाठी. कथील ॲसिडला त्या मानाने खूपच संथ आहे. शिवाय बंद डब्याच्या आत, फळांचं ॲसिड आहे आणि ऑक्सिजन नाही अशा ठिकाणी, वरचा हिशोबच फिरतो: फळांची ॲसिडं कथलाच्या आयनांना बांधून ठेवतात, म्हणून तिथे कथील आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. हे मात्र श्रेणी पाहून कळणार नाही. डबा उघडला, हवा शिरली की कथील भराभर रसात उतरायला लागतं. आतून लॅकर (वार्निशसारखा लेप) मारलेला डबा असेल तर एवढं नाही, पण बाहेरून कोण ओळखणार, त्यापेक्षा उरलेला आंब्याचा पल्प काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवायचा.