सार्कोपेनिया (वार्धक्यातील स्नायुक्षय)

वय वाढेल तसे स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद घटत जाण्याला सार्कोपेनिया म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘सार्क्स’ (मांस) आणि ‘पेनिया’ (उणीव) या शब्दांपासून अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाअखेर हे नाव बनवले. घरात मात्र त्याचा पत्ता वेगळाच लागतो: जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, बरणीचे झाकण फिरत नाही, बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागतात. ‘वय झालं’ म्हटले की विषय संपतो.

निदानात आता ताकदीला मोठे महत्त्व आहे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार मुठीची पकड पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरणे, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद वा अधिक लागणे, ही धोक्याची खूण. माणूस हडकुळाच असतो असे नाही. सुटलेल्या पोटाआड वाळलेल्या मांड्या सहज लपतात.

म्हाताऱ्या स्नायूंना प्रथिनांची हाक कमी ऐकू येते. तरुणपणी जेवढ्या प्रथिनांवर स्नायूंची बांधणी सुरू होई, तेवढी आता पुरत नाहीत. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२०मध्ये प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली. पासष्टीपुढे १ ते १.२ ग्रॅम असावीत, असे २०१३च्या ‘प्रॉट-एज’ तज्ज्ञगटाचे मत. ५५ किलोच्या आजींना म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम, आणि तीही एका जेवणात २५-३० ग्रॅम अशी वाटून. ‘रात्री जड नको’ म्हणून खाल्लेल्या दूध-भातातून जेमतेम दहा ग्रॅम मिळतात. वरणाचे नुसते वरचे पाणी वाढले तर त्याहून कमी, आणि एकादशीच्या साबुदाण्यात जवळपास काहीच नाही. दातांची तक्रार खरी असते, पण पिठले, घट्ट वरण, दही, अंड्याची भुर्जी, माशाचे कालवण यांना चावावे लागतेच कुठे? मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

नुसत्या खाण्याने भागत नाही, हे बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातील १९९४च्या चाचणीने दाखवले. सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांपैकी ज्यांनी दहा आठवडे वजनांचा व्यायाम केला, त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून वाढली. ज्यांना फक्त पूरक पेय दिले, त्यांची जवळपास होती तेवढीच राहिली.