डंबेलची मूठ जितकी जाड, तितकी पकड मजबूत होते?

जिममध्ये वर्षानुवर्षं हेच ऐकवलं जातं. ते खरं नाही.

थॉमस इंच या इंग्रज स्ट्राँगमनचा डंबेल बघा: वजन सुमारे ७८ किलो, मूठ सुमारे ६० मिलिमीटर जाड. एवढं वजन नेहमीच्या बारवर कितीतरी जण उचलतात. इथे मात्र अंगठा बोटांना भिडत नाही आणि अख्खा ओतीव डंबेल तळहातात फिरून बोटं उघडतो. खरा कस लागतो तो अंगठ्याचा.

म्हणून जाड मुठीच्या सरावाची सुरुवात ५० मिलिमीटरपासून करा, वजन बरंच कमी ठेवा. साध्या डंबेलवर जाड रबरी ग्रिप चढवली तरी भागतं, नवा डंबेल घ्यायची घाई नको. पाठीचे जड सेट मात्र साध्या मुठीवरच मारा. नाहीतर पकड आधी सुटते आणि पाठीला पुरेसं कामच मिळत नाही.