सक्ती शाळेची आणि सक्ती शिकण्याची

‘सक्तीचं शिक्षण’ हे शब्द आपल्या तोंडी इतके रुळलेत की त्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षातच येत नाही. मूल शिकलंच पाहिजे, ही एक. मूल शाळेत गेलंच पाहिजे, ही दुसरी. ज्या आईवडिलांना मुलाला घरीच शिकवायचं आहे, त्यांचं सगळं या फरकावर अडतं.

जर्मन भाषेत या दोन्हींसाठी दोन शब्द आहेत आणि शेजारच्या दोन देशांनी त्यातला एकेक उचलला आहे. जर्मनीत ‘शूलप्फ्लिश्ट’, म्हणजे शाळेत जाण्याचं कर्तव्य. ऑस्ट्रियात ‘उंटररिश्ट्सप्फ्लिश्ट’, म्हणजे शिक्षण घेण्याचं कर्तव्य.

जर्मनीत 1919 च्या वायमार राज्यघटनेनेच शाळा सक्तीची केली. आजच्या घटनेचं सहावं कलम मुलांचं संगोपन हा आईवडिलांचा नैसर्गिक हक्क मानतं, आणि लगेच पुढचं सातवं कलम सगळी शालेय व्यवस्था सरकारच्या देखरेखीखाली ठेवतं. घर आणि सरकार तिथे मुलाला घडवण्यातले भागीदार आहेत, त्यामुळे ‘मी घरी उत्तम शिकवतो’ हे उत्तर पुरत नाही. आधी दंड होतो. काही वेळा त्यापुढेही जातात. 2013 च्या ऑगस्टमध्ये डार्मश्टाटजवळ एका कुटुंबाच्या चार मुलांना सरकारी यंत्रणेने घरातून नेलं आणि सुमारे तीन आठवडे वेगळं ठेवलं. मुलांना शाळेत पाठवायला आईवडील राजी झाले, तेव्हाच ती परत आली. हे प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2019 मध्ये न्यायालयाने कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला नाही असा निकाल दिला. याच न्यायालयाने 2006 मध्येही जर्मनीची बाजू मान्य केली होती. वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या विचारांच्या मुलांसोबत वाढणं हाही शिक्षणाचाच भाग आहे, समाजात बंदिस्त बेटं तयार होऊ नयेत, हा तिथला युक्तिवाद. तो मला पोकळ वाटत नाही. जातीजातींच्या वस्त्यांत वाढलेल्या आपल्या समाजाला तर तो चांगलाच कळायला हवा. पण शाळेत न जाणं एवढ्याच कारणावरून लेकरांना आईपासून दूर करणं मला पटत नाही.

ऑस्ट्रियात 1867 च्या मूलभूत कायद्यात एक छोटं वाक्य आहे: शाळा चालवण्यावरची बंधनं घरगुती शिक्षणाला लागू नाहीत. ते आजही जागेवर आहे. आईवडील शिक्षण खात्याला कळवतात आणि घरी शिकवतात. वर्षाच्या शेवटी मात्र मुलाने बाहेरच्या परीक्षकांपुढे परीक्षा द्यायची, आणि नापास झालं तर शाळेत जायचं. कोरोनाच्या काळात 2021 च्या शरद ऋतूत सात हजारांहून जास्त मुलांची नावं शाळेतून निघाली, तेव्हा सरकारने नियम आवळले आणि पहिल्या सत्रानंतर मुलाशी बोलून प्रगती पाहणं सुरू केलं. तरी हक्क काढून घेतला नाही. मला ही रीत न्याय्य वाटते. सरकार मुलाला काय येतं ते पाहतं, ते कुठे बसून शिकलं हे विचारत नाही. शिवाय वर्षातून एकदा तरी घराबाहेरच्या कुणाची मुलाशी भेट होते. चार भिंतींआड हाल सोसणाऱ्या एखाद्या मुलासाठी ती फार मोलाची आहे.

आता आपल्याकडे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या नावातच ‘सक्तीचे’ आहे. पण कलम 8 मधला खुलासा वाचा: सक्ती म्हणजे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देण्याची, त्याचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करण्याची सरकारवरची जबाबदारी. कलम 10 पालकांवर मुलाला जवळच्या शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं, पण ते मोडलं तर पालकाला कोणतीच शिक्षा या कायद्यात नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज तसं नाही.

म्हणजे शब्दांवर गेलं तर आपला कायदा जर्मन वळणाचा आहे, कारण तो शाळाच म्हणतो. अंमलात मात्र घरी शिकवणाऱ्याला तो अडवतही नाही आणि ओळखतही नाही. शाळेच्या पटावर नाव नाही म्हणून शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात असं मूल ऊसतोड कामगाराच्या मुलाच्याच रांगेत बसतं. कायदा मुळात त्या दुसऱ्या मुलासाठी आहे, हे घरी शिकवणाऱ्या सुशिक्षित पालकांनी मनात ठेवावं. आपल्याला सूट हवी म्हणून त्याची ढाल पातळ करायची नाही.

एक गफलत फार होते. आपल्या मुलाला घरी शिकवणं वेगळं, आणि चार घरांनी मिळून एक ‘केंद्र’ उघडून शाळेसारखं चालवणं वेगळं. दुसऱ्याला कलम 18 लागू शकतं: मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, पुढे चालूच ठेवली तर रोज दहा हजारांपर्यंत.

दहावीची काळजी त्यामानाने कमी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, चौदाव्या वर्षानंतर दहावी देता येते. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्या घराघरात माहीत आहे, मात्र त्याला आधी शाळेत शिकल्याचा दाखला लागतो, म्हणून जुना दाखला जपून ठेवा. आणि मधेच वाटलं की घरचं जमत नाही, तर कलम 4 प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. सहावीच्या वयाचं मूल सहावीतच बसतं, त्याला पहिलीपासून सुरुवात करावी लागत नाही.